सोंडवाली इंदिरा

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक फोटो पडला. सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा, वर धुळीचा थर. शाळेची जुनी इमारत दुरुस्तीला काढली होती, तेव्हा एका कपाटाच्या तळाशी हा सापडला म्हणे. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "ओळखा पाहू!"

मी ओळखलं. २००७ साली, पाचवीत असताना, ६ ऑगस्टला हिरोशिमा दिन म्हणून आमच्या वर्गाने जपानमधल्या मुलांना पत्रं लिहिली होती. बाईंनी सदाकोची गोष्ट सांगितली, कागदाचे पक्षी करायला शिकवले (माझा पक्षी कमी आणि होडी जास्त दिसत होता) आणि मग प्रत्येकाने एकेक पत्र लिहिलं. बेचाळीस पत्रं. ती जपानला जाणार होती. आम्ही दिवाळीपर्यंत उत्तराची वाट बघितली, नंतर विसरून गेलो.

मित्राने माझ्या पत्राचा वेगळा फोटो पाठवला. "प्रिय जपानी मित्रा" अशी सुरुवात. मग आमच्या सांगलीत दोन वर्षांपूर्वी पूर आला होता, पाणी पार पहिल्या मजल्यापर्यंत आलं होतं, तुमच्याकडे भूकंप होतात हे खरं का, डोरेमॉन तुमच्याकडे रोज लागतो का, आमच्याकडे लोडशेडिंग असल्यामुळे अर्धाच बघायला मिळतो, तुमच्याकडे लोडशेडिंग किती तास असतं, वगैरे वगैरे. पत्ता नाही. पत्र अर्थातच मराठीत. आता बोला!

आधी हसू आलं, मग जरा रागही आला. बाईंवर नाही, त्या बिचाऱ्या साठ मुलांचा वर्ग एकटीने सांभाळायच्या. (बेचाळीसच पत्रं का? बाकीचे त्या दिवशी गैरहजर होते. पावसाळा.) राग कशाचा ते मला नीट सांगता येत नव्हतं. ते कळायला एका हत्तिणीची गोष्ट लागली.

झालं असं की मी दीड वर्ष टोकियोत ऑनसाइट होतो. आमच्या क्लायंटकडे साठीला टेकलेले एक गृहस्थ आहेत. मितभाषी. माझं जपानी जेमतेम एन-थ्री, त्यामुळे आमचं बोलणं डिफेक्ट लिस्टच्या पलीकडे फारसं जायचं नाही. एका संध्याकाळी ऑफिसनंतर जेवायला गेलो असताना ते अचानक म्हणाले, "लहानपणी मी इंदिराला पाहिलंय." मी म्हटलं, हो का, आमच्या पंतप्रधान होत्या त्या. ते म्हणाले, "माहीत आहे. पण मी म्हणतोय ती सोंडवाली."

त्यानंतरचे तीन-चार वीकएंड मी या सोंडवालीच्या मागे घालवले. गोष्ट १९४९ ची आहे, पण सुरुवात १९४३ पासून करावी लागते.

टोकियोत उएनो नावाचं जुनं प्राणिसंग्रहालय आहे. पुणेकरांना पेशवे पार्क तसं ते तिथल्या चार-पाच पिढ्यांना. तिथे युद्धाच्या काळात तीन हत्ती होते: जॉन, टोंकी आणि वान्री. वान्रीला मुलं हानाको म्हणायची. ती १९३५ साली सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडहून, जपानी मुलांसाठी भेट म्हणून आली होती.

ऑगस्ट १९४३ मध्ये टोकियोचे गव्हर्नर ओदाची शिगेओ यांनी हुकूम काढला की उएनोतले हिंस्र आणि धोकादायक प्राणी मारून टाका. कारण असं सांगितलं की बॉम्ब पडून पिंजरे फुटले तर प्राणी शहरात मोकाट सुटतील. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. पण टोकियोवर मोठे हवाई हल्ले सुरू झाले ते नोव्हेंबर १९४४ मध्ये, म्हणजे सव्वा वर्षानंतर. ओदाची त्याआधी जपानने जिंकलेल्या सिंगापूरचे महापौर होते. युद्ध कुठल्या दिशेला चाललंय हे त्यांना दिसत होतं, आणि टोकियोतल्या लोकांना मात्र त्याचा पत्ता नाही असं त्यांचं मत होतं. लोकांना हादरा द्यायला म्हणून हे केलं, असं अभ्यासक म्हणतात. प्राणिसंग्रहालयाचा कारभार तेव्हा फुकुदा साबुरो बघत होते. त्यांनी टोंकीला निदान सेंदाईच्या प्राणिसंग्रहालयात हलवता येईल का अशी खटपट केली. गव्हर्नरनी ती हाणून पाडली.

एकूण २७ प्राणी मारले गेले. सिंह, वाघ, अस्वलं, बिबटे. बहुतेकांना विष. हत्तींनी मात्र विष घातलेले बटाटे खाल्लेच नाहीत. मग त्यांचं अन्नपाणी बंद केलं. जॉन २९ ऑगस्टला गेला, वान्री ११ सप्टेंबरला, टोंकी २३ सप्टेंबरला. मधल्या काळात माहूत दिसला की टोंकी आणि वान्री शिकवलेल्या कसरती करून दाखवायच्या. कसरत केली की खायला मिळतं हे त्यांना माहीत होतं ना.

आणि याच दिवसांत, ४ सप्टेंबरला, मेलेल्या प्राण्यांसाठी तिथे जाहीर श्राद्ध झालं. बौद्ध भिक्षू आले, शाळेची मुलं आली, फुलं वाहिली. त्या वेळी दोन हत्तिणी जिवंत होत्या. जवळच, कापडी पडद्याच्या आड.

इथे मी बराच वेळ थांबलो होतो. पण ज्यासाठी ही सगळी गोष्ट सांगतोय ते पुढे आहे. प्राणी मेल्याच्या बातम्या आल्यावर टोकियोतल्या मुलांनी प्राणिसंग्रहालयाला पत्रं लिहिली. त्यात दुःख होतं, आणि सूडाची भाषाही होती. ज्यांच्यामुळे आमचे प्राणी गेले त्या अमेरिका-इंग्लंडला आम्ही धडा शिकवू, अशा शपथा. मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं की हुकूम त्यांच्याच गव्हर्नरचा होता, आणि वरून अजून एकही बॉम्ब पिंजऱ्यावर पडलेला नव्हता. आठ-नऊ वर्षांच्या पोरांनी मनापासून लिहिलेली ही पत्रं मोठ्या माणसांना नेमकी हवी तशी होती.

आता सहा वर्षं पुढे. १९४९. युद्ध हरलेलं, शहर जळून गेलेलं, देश अमेरिकी फौजांच्या ताब्यात. उएनोत पिंजरे रिकामे. डुकरं, मेंढ्या, कोंबड्या आणि काही पक्षी. हत्ती बघायचा तर चित्रात.

उएनो ज्या भागात येतं त्या ताइतो वॉर्डात मुलांची एक सभा भरत असे. युद्धानंतर जपानमध्ये लोकशाहीचे धडे देण्यासाठी असे बरेच प्रयोग झाले, त्यातलाच हा एक. मोठ्यांच्या सभेसारखे ठराव वगैरे मांडायचे. या पोरांनी ठराव केला की आम्हाला हत्ती पाहिजे. (आमच्या शाळेच्या मंत्रिमंडळात मी एक वर्ष पाणीमंत्री होतो. माझ्या कारकिर्दीत एकही ठराव झाला नाही.)

संपूर्ण जपानमध्ये तेव्हा दोनच हत्ती उरले होते, नागोयाच्या हिगाशियामा प्राणिसंग्रहालयात. माकानी आणि एल्दो. तिथले संचालक किताओ यांनी कसेबसे जगवलेले. ताइतोच्या मुलांचे दोन प्रतिनिधी थेट नागोयाला गेले: दोनपैकी एक आम्हाला उसना द्या. किताओंनी ऐकून घेतलं, पण नाही म्हणाले. ते दोन हत्ती एकमेकांना इतके धरून होते की वेगळे केले तर बेचैन व्हायचे. मुलांना ते पटलं असावं. मग उलटा उपाय निघाला: हत्ती टोकियोला येत नाहीत ना, तर मुलंच हत्तींकडे जातील. रेल्वेने नागोयाला खास गाड्या सोडल्या. लोक त्यांना हत्तीगाड्या म्हणायचे.

पण सगळ्यांना काही जाता येत नव्हतं, आणि ताइतोच्या मुलांना हत्ती उएनोतच हवा होता. मुलांनी जपानच्या संसदेकडे अर्ज केला. आणि शेकडो मुलांनी पत्रं लिहिली ती भारताच्या पंतप्रधानांना. एका शाळकरी मुलीची तक्रार अशी होती की आमच्या बागेत आता डुकरं आणि पक्षीच आहेत, त्यात काही मजा नाही. मला ही तक्रार फार आवडते. जागतिक शांतता नाही, बंधुत्व नाही. मजा नाही!

आता इंजिनिअरला पडणारा प्रश्न. ही पत्रं पोचली कशी? जपान परकीय ताब्यात. भारताशी रीतसर राजनैतिक संबंधसुद्धा नाहीत, ते १९५२ मध्ये सुरू झाले. पत्रं जपानी मुलांची, आणि ज्यांना लिहिलंय ते नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, फाळणीने रक्तबंबाळ झालेल्या देशाचे पंतप्रधान. त्यांना बाकी कामं काय कमी होती? आमच्या बेचाळीस पत्रांना फक्त पत्ता आणि तिकीट हवं होतं, तरी ती कपाटाबाहेर पडली नाहीत.

याचं उत्तर म्हणजे एक माणूस. हिमांशु नियोगी नावाचे एक भारतीय व्यापारी तेव्हा टोकियोत होते. आयात-निर्यातवाले. मुलांची पत्रं त्यांच्या हाती दिली गेली, आणि त्यांनी ती भारतात आणून नेहरूंपर्यंत पोचवली. बस्. इतकंच. त्यांनी भाषण केलं नाही, संस्था काढली नाही. गठ्ठा उचलला आणि नेऊन दिला. या गोष्टीत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हा माणूस, आणि आज त्याचं नाव फार कुणाला माहीत नाही.

नेहरूंनी हत्तीण पाठवायचं ठरवलं. म्हैसूरकडची, पंधरा वर्षांची, लाकडं ओढायचं काम शिकलेली. तिला नाव दिलं स्वतःच्या मुलीचं, इंदिरा. बरोबर जपानी मुलांसाठी पत्र पाठवलं, तारीख १ सप्टेंबर १९४९. त्यात त्यांनी लिहिलं की ही भेट माझी नाही, भारतातल्या मुलांकडून जपानमधल्या मुलांना आहे. पुढे असंही की जगभरची मुलं बरीचशी सारखीच असतात, मोठी झाली की वेगळी व्हायला लागतात आणि भांडतात. नेहरूंबद्दल तुमचं मत काहीही असो (आमच्या फॅमिली ग्रुपवर त्यांच्याबद्दल काय काय येतं ते मी इथे सांगत नाही), पण ते पत्र मिळालं तर जरूर वाचा. शाळकरी मुलांना लिहिताना त्यांनी आवाज चढवलेला नाही आणि बोबडाही केलेला नाही.

इंदिरा बोटीने जपानला पोचली. बंदरापासून प्राणिसंग्रहालयापर्यंत ती रात्री टोकियोच्या रस्त्यांवरून चालत गेली. तारीख २५ सप्टेंबर १९४९. टोंकी गेली त्याला सहा वर्षं आणि दोन दिवस झाले होते. १ ऑक्टोबरला रीतसर समारंभ झाला, पंतप्रधान योशिदा शिगेरू जातीने हजर.

आणि मग लक्षात आलं की हत्तिणीला जपानी येत नाही! तिला सगळे हुकूम कानडीत शिकवलेले. तिच्याबरोबर दोन भारतीय माहूत आले होते, ते काही काळ तिथे राहिले आणि त्यांनी उएनोच्या माहुतांना कानडी शब्द शिकवले. हे वाचून मी एकटाच खोलीत मोठ्याने हसलो. भारतातून दोन माणसं ऑनसाइट जातात, सिस्टिम फक्त त्यांनाच कळणारी भाषा बोलते, आणि क्लायंटच्या टीमला ते नॉलेज ट्रान्स्फर देतात. आमची इंडस्ट्री १९४९ पासून चालू आहे तर!

पुढच्या वर्षी, १९५० मध्ये, इंदिराला फिरत्या प्राणिसंग्रहालयाबरोबर जपानच्या बऱ्याच शहरांत नेलं. जिथे जाईल तिथे गर्दी. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये नेहरू जपानला गेले तेव्हा उएनोत जाऊन तिला भेटले.

आता ही गोष्ट इथेच संपवली तर छान पोस्टरसारखी होईल. पण माझा एक मित्र आहे, प्रत्येक डिझाईन रिव्ह्यूमध्ये "हे फेल कसं होईल?" एवढं एकच विचारणारा. त्याला मी हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "हे पत्रांमुळे झालं की नेहरूंना जपानशी मैत्री करायची होती म्हणून?"

प्रश्न रास्त आहे. नेहरूंना जपान हवाच होता. १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जपानशी शांतता करार झाला तेव्हा त्यातल्या अटी जपानवर अन्याय करणाऱ्या आहेत असं म्हणून भारत तिथे गेलाच नाही, आणि ९ जून १९५२ ला वेगळा करार केला. हत्ती ही राजकारणाचीही गोष्ट होतीच. १९५१ मध्ये बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाला शांती नावाचं पिल्लू गेलं. कॅनडातल्या ग्रॅन्बी या छोट्या गावातल्या पाच वर्षांच्या मुलाने नेहरूंना लिहिलं की आमच्या गावात प्राणिसंग्रहालय आहे पण त्यात हत्ती नाही, आणि १९५५ मध्ये तिकडे अंबिका गेली. म्हणजे ही पुढे पद्धतच पडली.

आणि मुलांच्या मैत्रीने मोठी माणसं थांबतात असंही नाही. याचा पुरावा आधीच होता. १९२४ साली अमेरिकेने कायदा करून जपानी लोकांना देशात येणं बंद केलं. त्याने दुखावलेली मनं जोडावीत म्हणून सिडनी ग्युलिक या जपानमध्ये राहिलेल्या मिशनऱ्याने १९२७ मध्ये अमेरिकी मुलांकडून जपानी मुलांना बाहुल्या पाठवल्या. बारा हजारांहून जास्त! प्रत्येक बाहुलीबरोबर पत्र, खोटाखोटा पासपोर्टसुद्धा. जपानी मुलांनी उलट ५८ सुंदर बाहुल्या पाठवल्या. चौदा वर्षांनी पर्ल हार्बर झालं. मग त्याच निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या शत्रूच्या म्हणून शाळाशाळांत जाळल्या, फोडल्या गेल्या. आज त्यातल्या तीनशेच्या आसपास उरल्यात. त्या का उरल्या? कुठल्या तरी शिक्षकाने, शिक्षिकेने त्या माळ्यावर, कपाटात लपवून ठेवल्या म्हणून. कपाटं वाईटच असतात असं नाही, असो.

मित्राला मी एवढंच म्हटलं की राजकारण होतं हे कबूल, पण नेहरूंना हत्ती पाठवायची बुद्धी आपोआप झाली नव्हती. मागणी मुलांची होती. १९४३ मधली आणि १९४९ मधली पत्रं एकाच शहरातली, एकाच प्राणिसंग्रहालयासाठी लिहिलेली. काही लिहिणारी मुलंसुद्धा तीच असतील, आठचा चौदाचा झालेला. मुलं तेवढीच खरी होती. पहिल्या वेळी भोवतालच्या मोठ्यांनी त्यांच्याशी खोटं बोलून ती पत्रं वापरली. दुसऱ्या वेळी एकाने ठराव मांडू दिला, एकाने गठ्ठा नेला, एकाने उत्तर लिहिलं. यापेक्षा मोठा दावा मला करता येत नाही.

एक गोष्ट मात्र अजून टोचते. माकानी आणि एल्दोला वेगळं करता येत नाही हे सगळ्यांनी मान्य केलं. मग इंदिराचं काय? तिचंही म्हैसूरकडे कुणी असेलच की. हे तेव्हा कुणी विचारलेलं मला तरी सापडलं नाही. नशिबाने ती अगदी एकटी नव्हती. तिच्या तीनच आठवडे आधी थायलंडहून एक पिल्लू उएनोत आलं होतं, जेमतेम अडीच वर्षांचं. तिला नाव दिलं हानाको, १९४३ च्या हानाकोच्या आठवणीने. १९५४ पर्यंत दोघी बरोबर होत्या. मग हानाकोला टोकियोतल्याच इनोकाशिराला हलवलं, आणि तिथे तिने साठ वर्षं काढली, बहुतेक काळ एकटीने, सिमेंटच्या आवारात. इंदिरा १९८३ मध्ये गेली. हानाको २६ मे २०१६ ला, ६९ वर्षांची होऊन. जायच्या आधी काही महिने तिला मोकळं करा म्हणून जगभरातून लाखो सह्या आल्या होत्या. तिला हलवायचं वय निघून गेलं होतं.

परत यायच्या आधीच्या रविवारी मी उएनोला गेलो. तिथे मेलेल्या प्राण्यांचं स्मारक आहे, त्यावर कागदी पक्ष्यांच्या माळा होत्या. एकही पक्षी होडीसारखा दिसत नव्हता.

शाळेच्या ग्रुपवर तो फोटो आला तो मी पुण्यात परतल्यावर. गठ्ठा आता आमच्यातल्या एकाकडे सांगलीत आहे, रद्दीत जाणार नाही एवढी सोय केली आहे. माझं पत्र मी जपानीत केलं. दोन रविवार लागले, आणि कृष्णेच्या पुराला योग्य शब्द कुठला यावर बराच खल झाला. ते त्या गृहस्थांना पाठवलं आणि सोबत लिहिलं की पोचायला अठरा वर्षं उशीर झाला, क्षमस्व.

तिसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. भूकंप होतात, हे खरं आहे. डोरेमॉन त्यांच्याकडेही रोज नसायचा, आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी. आणि खाली एक प्रश्न होता: लोडशेडिंग म्हणजे काय?